इंदूरची हवा आणि इंदूरचं हवामान: या चुका टाळा

डिसेंबरात दोन सरी पडल्या की ‘हवामान पार बिघडलं’ असं म्हणायची घाई होते. थंडीत भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, उत्तर भारतावरून सरकतात, त्यांचा प्रभाव माळव्यापर्यंत आला की मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, होतो. गहू-हरभऱ्याचा शेतकरी बेताच्या मावठ्याची वाटच बघतो. डिसेंबरातल्या त्या दोन सरी म्हणजे त्या दिवसाची हवा. हवामान म्हणजे अनेक वर्षांच्या हवेचा नेहमीचा साचा, आणि अधूनमधून मावठा होणं त्यातच बसतं. तो किती वेळा, कधी आणि किती जोराने होतो हे बदललंय का, ते कळायला साधारण 30 वर्षांच्या नोंदी लागतात. जानेवारीत हुडहुडी भरली म्हणून ‘कुठंय तुमची तापमानवाढ?’ विचारणारे याच चुकीच्या दुसऱ्या टोकाला असतात.

मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला गाडीच्या पडद्यावर 46 दिसतं, पेपरात 42 येतं, आणि ‘आकडे दडपतात’ अशी चर्चा रंगते. कोणी काही दडपत नाही. अधिकृत थर्मामीटर सावलीत, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत, सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. गाडीचा सेन्सर तापलेल्या डांबराच्या जवळ. पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठ ते साडेआठ चालतं, त्यामुळे रात्री कोसळलेला पाऊस दुसऱ्या तारखेला लागतो.

खरा घोळ होतो रात्रींवरून: त्या पूर्वीसारख्या गार का नाहीत? शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्याच्या गार, सुखद रात्रींची कीर्ती उगाच नव्हती. साधारण 550 मीटर उंचीचं पठार आणि उन्हाळ्यात कोरडी हवा, त्यामुळे दिवस मावळला की जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते. आता विजयनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, अजून गरम लागेल. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर सोडतं. त्यात झाडं कमी, एसी बाहेर गरम हवा टाकणारे. ही शहराची स्वतःची उष्णता. तिच्यात जागतिक तापमानवाढही मिसळलेली असते, पण सगळं तापमानवाढीच्याच नावावर टाकलं की बिल्डर आणि महापालिका दोघं सुटतात! म्हणून शहराबाहेरच्या केंद्राचं किमान तापमान जोडीला बघा. तिथेही अनेक वर्षांत ते चढत गेलं असेल, तर कारण फक्त काँक्रीट नाही. आजोबा गच्चीवर पांघरूण घेऊन झोपायचे, ही आठवण छान आहे. पण ते वाड्याच्या गच्चीवर होते, तुम्ही चौथ्या मजल्याच्या बंद खोलीत आहात.

‘1901 ते 2018 मध्ये भारताचं तापमान सुमारे 0.7 अंशच वाढलं, इथे तर सकाळ-दुपारीच पंधरा अंशांचा फरक पडतो!’ हा युक्तिवाद चतुर वाटतो, पण फसवा आहे. सकाळ-दुपारचा फरक रात्रीत फिटतो. सरकलेली सरासरी तशी फिटत नाही, आणि ती थोडी जरी वर गेली तरी टोकाचे तापलेले दिवस जास्त वेळा येऊ लागतात.

पावसाळ्याच्या अंदाजातलं ‘सरासरीच्या 96 ते 104 टक्के’ अख्ख्या देशासाठी असतं. त्यावरून इंदूरच्या पावसाचा हिशेब मांडू नका.

आणि ‘सरासरीपेक्षा दोन अंश जास्त’ वाचलं की सरासरी कोणत्या 30 वर्षांची ते विचारा. 1991–2020 ची सरासरी मुळातच जुन्या काळाहून उष्ण असेल, तर तिच्याशी तुलना करताना तोच दिवस सौम्य दिसतो.