जुनी बक्षीसपत्रं आणि जाहिरातींचे छापील कागद जमवताय? या चुका टाळा

नागपुरात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद बाहेर पडतो तो बहुधा वाडा पाडतात तेव्हा. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत एखादं जुनं घर बिल्डरकडे गेलं की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरतात. भांडी मोडीत जातात, कागद किलोवर रद्दीत. त्या रद्दीत कधी शाळेतल्या पहिल्या नंबराचं बक्षीसपत्र असतं, कधी कापडाच्या ताग्यावरचं रंगीत टिकीट, कधी औषधाच्या बाटलीसोबत आलेलं जाहिरातीचं पान. हे वाचवायलाच हवं. पण हौसेने जमवणाऱ्यांच्या हातूनही त्याचं नुकसान होतं, आणि ते मुख्यतः दोन ठिकाणी: घेताना साल चुकीचं वाचलं जातं आणि घरी आणल्यावर कागद ‘नीट’ करायला घेतला जातो.

सालाची फसगत सगळ्यात मोठी. कागदावर १८१० दिसलं की विकणारा ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून मोकळा होतो. आकड्याच्या आधी ‘शके’ आहे का ते बघा. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे हा कागद १८८८-८९ चा. याच्या उलटही होतं, आणि त्यात चांगली वस्तू हातची जाते. इतवारीतल्या एखाद्या मारवाडी पेढीच्या छापील कागदावर १९४५ असतं, आपण तो अलीकडचा समजून ठेवून देतो. तो संवत असेल तर ५७ वजा करा. हाही १८८८ च्या आसपासचाच निघेल. वऱ्हाडाकडून आलेल्या कागदावर फसली, म्हणजे महसुलाचा, सन असू शकतो, त्यात साधारण ५९० मिळवायचे. तेव्हा नुसता आकडा वाचून भाव ठरवू नका. त्याच्या शेजारचं बारीक अक्षर वाचा. ते मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. ‘काहीतरी गिचमिड आहे’ म्हणून बाजूला टाकलेल्या ओळीतच बऱ्याचदा मुलाचं नाव, इयत्ता आणि गाव असतं.

किंमत आण्यात छापलीय म्हणजे कागद एकोणिसाव्या शतकातला, हा असाच एक गैरसमज. आण्या-पैचा हिशेब १९५७ च्या एप्रिलपर्यंत चालू होता. १९५० मधल्या साबणाच्या जाहिरातीवरही आणेच दिसतील.

त्यापेक्षा राज्यकारभाराच्या खुणा जास्त भरवशाच्या. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि वऱ्हाड त्याला १९०३ मध्ये जोडला गेला. त्यामुळे ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असं छापलेलं बक्षीसपत्र एकोणिसाव्या शतकातलं असूच शकत नाही, समोरचा कितीही शपथेवर सांगो. राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘कैसर-ए-हिंद’ असेल तर कागद १ जानेवारी १८७७ नंतरचा. त्याच दिवशी आपल्याकडे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पण एम्प्रेस मिलचं टिकीट हाती आलं म्हणून ते व्हिक्टोरियाच्या काळातलंच, असं मानू नका; मिल पुढे शंभर वर्षांहून जास्त चालली. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याआधीच्या शतकात इथली मुलं कलकत्ता विद्यापीठाची एंट्रन्स परीक्षा द्यायची. म्हणून धंतोलीतल्या घरात कलकत्त्याचं प्रमाणपत्र सापडलं तर ‘हे बाहेरचं दिसतं’ म्हणून टाकून देऊ नका, ते अगदी इथलंच असू शकतं. ‘मेड इन जर्मनी’सारखा शिक्का बहुधा १८८७ नंतरचा; त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर देशाचं नाव टाकायला लावणारा कायदा केला.

भिंगाशिवाय रंगीत टिकीट घेणं ही पुढची चूक. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात असू द्या. मँचेस्टरचे व्यापारी इकडे कापड पाठवत तेव्हा ताग्यांवर देवादिकांची, हत्ती-वाघांची रंगीत टिकिटं चिकटवत. ती शिळाछापाची असत, एकेका रंगाला वेगळा दगड. भिंगातून लक्ष्मीचा गाल बघितला तर हाताने टिपलेले लहान-मोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात आणि कडेला एखादा रंग रेषेबाहेर सरकलेला असतो. आजच्या पुनर्मुद्रणात त्याच गालावर निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची एकसारखी गोलाकार जाळी दिसेल. मग सोनेरी भाग बघा. जुन्या टिकिटावर सोनं म्हणजे ब्राँझची भुकटी. कागद तिरपा धरला की ती चमकते, आणि काही ठिकाणी हिरवट-तपकिरी पडलेली असते. नकलेतलं सोनं हे पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचं, कसंही फिरवलं तरी मठ्ठच. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही उपयोगी पडतो: कागद निळसर पांढरा चकाकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आलेलं रसायन आहे. मात्र नाही चकाकला म्हणून तो जुना ठरत नाही.

ऑनलाइन अमेरिकन माल घेणाऱ्यांसाठी थोडं. तिकडे शाळकरी मुलांना छोट्या छापील बक्षीस-चिठ्ठ्या देत, आणि दुकानदार रंगीत जाहिरात-कार्डं वाटत. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर कार्डांची लाट आली आणि शतक संपता संपता ओसरली. बरीच कार्डं तयार चित्रांची असत आणि मोकळ्या जागेत दुकानदार आपलं नाव छापून घेई. त्यामुळे एकाच चित्रावर दोन दुकानांची नावं दिसली तर घाबरू नका, ती नक्कल नव्हे. लोक ही कार्डं वहीत चिकटवत, म्हणून पाठीमागे खळीचे डाग असतात. तो डाग काढायला कार्ड पाण्यात बुडवाल तर मागचा जाहिरातीचा मजकूर जाईल, आणि कार्डाची निम्मी माहिती त्या मजकुरातच असते.

आता घरातल्या चुका. लॅमिनेशन करू नका. कृपा करून करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागदाला धक्का न लावता परत निघत नाही. सेलोटेपही नको; त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. बाइंडरकडे दिलंत तर खळीत मोरचूद घालू नका असं आधीच सांगा. कसर लागू नये म्हणून ते घालतात, पण तांबं कागदाला आतून जाळतं. साधी मैद्याची खळ आणि पातळ जपानी टिश्यू पुरेसा असतो. ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची घ्या.

बक्षीसपत्रावरचं नाव बहुधा टाकाने लिहिलेलं असतं. शाई तपकिरी पडली असेल आणि जाड अक्षरांच्या जागी कागद झिरझिरीत झाला असेल तर ती हिराकस-मायफळाची आहे, कागद खाणारी. अशा कागदाला ओलं बोटसुद्धा लावायचं नाही. ओलाव्याने शाईतलं लोह पसरतं आणि अक्षराच्या भोवतीचा कागदही कुजायला लागतो. तपकिरी ठिपके घालवायला ब्लीच लावणं तर दूरच राहिलं.

नागपूरची हवा हा वेगळाच प्रश्न. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, कागद पापडासारखा कोरडा होतो. तेव्हा गुंडाळी केलेलं बक्षीसपत्र उलगडलंत तर ते घडीवर तुटणारच. पावसाळ्यापर्यंत थांबा. जुलैत हवेतल्या ओलाव्याने कागद आपोआप नरम पडतो; मग थोडं थोडं उलगडून टीपकागदांमध्ये ठेवून वर वजन ठेवा. बुरशीचा वास आला तर मात्र लगेच बाहेर काढून पंख्याच्या हवेत, उन्हापासून लांब सुकवा. आणि कूलरच्या खोलीत संग्रह ठेवू नका. दुपारभर दमट वारा आणि कूलर बंद झाला की कडक कोरडी हवा, अशा रोजच्या चढउताराने कागद आखडतो-सैलावतो, टिकिटाचा रंगाचा थर तडकतो. बाहेरच्या भिंतीला लागून नसलेलं, आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं.

कसर दिसली तर डांबराच्या गोळ्या टाकू नका. वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरेल. फ्रेमच्या काचेला चिकटलेलं बक्षीसपत्र स्वतः ओढू नका. ते फ्रेमसकट कागदाच्या संवर्धकाकडे द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारता येतं.

बक्षीस म्हणून दिलेल्या पुस्तकांत आतल्या बाजूला शाळेचं छापील लेबल असतं. विकणारे ते पान फाडून वेगळं विकतात. असं पान घेऊ नका, पुस्तक मागा. कुणाला, कुठल्या विषयात, कुठलं पुस्तक दिलं हे एकत्र असेल तरच त्या काळच्या शाळेबद्दल काही कळतं. घेतलेल्या प्रत्येक कागदामागे कुठल्या मोहल्ल्यातल्या घरातून आला हेही वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, कागदावर नव्हे.

विकताना एक गोष्ट विसरू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचे कागदपत्र ७५ वर्षांचे झाले की पुरावस्तूत मोडतात, आणि पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकाने चांगला भाव देऊ केला तरी पाकीट पोस्टात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.