अर्धसावलीतल्या बागेसाठी देशी लव्हाळे

पुण्यातील बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंतीलगत सकाळी दोन-तीन तास ऊन आणि मग दिवसभर सावली असलेली एखादी पट्टी असतेच, आणि तिथे हिरवळ काही केल्या धरत नाही. अशा जागी हिरवळीचा हट्ट सोडून लव्हाळे लावावेत, असे माझे ठाम मत आहे.

लव्हाळा ओळखण्यासाठी फुलोऱ्याची दांडी दोन बोटांत फिरवून पाहावी. बोटांना तीन कडा लागल्या, दांडी आतून भरीव निघाली आणि तिच्यावर पेरे नसले, तर तो बहुधा लव्हाळाच असतो. गवताची दांडी गोलसर, पेरेदार आणि बहुधा पोकळ असते.

निवड मात्र काळजीपूर्वक करावी. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा देशी असला, तरी त्याच्या सुवासिक गाठी जमिनीखाली बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. उपटायला गेले की पाने हातात येतात, गाठ मातीतच राहते आणि काही दिवसांत पुन्हा फुटते. त्यामुळे तो वाफ्यात कधीही लावू नये. हवाच असेल तर उन्हातल्या कुंडीत ठेवावा, कारण दाट सावली त्याला मानवत नाही. नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळणारे झाड लव्हाळ्याच्याच कुळातले असले, तरी मूळचे आफ्रिकेकडचे आहे. अर्धसावलीसाठी मला किलिंगा नेमोरॅलिस हा देशी लव्हाळा सर्वांत योग्य वाटतो. तो बुटका असून त्याला मण्याएवढे पांढरे गोल तुरे येतात. तोही जमिनीलगत पसरतो, म्हणून वाफ्याला विटांची कड खोलवर बसवावी.

रोपांसाठी नदीकाठ किंवा टेकडी खणू नये. ओळखीच्या बागेत खुरपणीत निघालेला मुळांसकट गड्डा पुरेसा होतो. जूनअखेर, पावसाने जोर धरल्यावर, गड्ड्याचे मूठभर तुकडे करून ते वीतभर अंतरावर लावावेत. काळी माती पाणी धरून ठेवते आणि लव्हाळ्याला तेच हवे असते, त्यामुळे तिच्यात थोडे पानांचे खत मिसळले की पुरे. मुरमाड जागेत मात्र खताचे प्रमाण बरेच वाढवावे लागते.

खरी कसोटी मार्च ते मे या काळात लागते. मातीवर पालापाचोळ्याचा थर द्यावा आणि पाणी संध्याकाळी, मुळाशी घालावे. ओल कायम राहावी, पण डासांमुळे पाणी साचू देऊ नये. पाने पिवळी पडली, तर बोटभर उंची ठेवून कापावीत. मुळे जिवंत असली, तर वळवाच्या सरींनंतर नवे कोंब दिसू लागतात.