निक्सी ट्यूबचं घड्याळ, गोव्याच्या दमट हवेत टिकेल असं

निक्सी ट्यूब म्हणजे आत धातूचे आकडे असलेली, केशरी उजेडाने पेटणारी जुन्या पद्धतीची काचेची नळी. पहिल्यांदा करताय तर चारच ट्यूब घ्या, तास आणि मिनिटं, सेकंदांचा हट्ट नको. जुन्या सोव्हिएत आयएन-१२ किंवा आयएन-१४ अजून मिळतात. प्रत्येक ट्यूबला हवा तो आकडा पेटवणारी एक के१५५आयडी१ चिप, वेळेसाठी डीएस३२३१ मॉड्यूल, त्यात बटन सेल असतो म्हणून पावसात लाइट गेली तरी टाइम परत लावावा लागत नाही. वर हे सगळं चालवायला एखादा आर्डुइनो नॅनो, म्हणजे कोड टाकता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, झालं.

खरी गंमत व्होल्टेजची. ट्यूब पेटायला साधारण १७० व्होल्ट डीसी लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावायचा, थेट मेन्स वापरायचा आगाऊपणा करू नका. सप्लाय १८० ठेवला आणि पेटलेल्या ट्यूबवर १४० पडले तर उरलेले ४० व्होल्ट रेझिस्टरवर, २.५ मिलिअँपिअरच्या हिशोबाने १६ के (किलोओहम) येतो, बाजारात १५ के मिळतो तो चालतो. प्रत्येक ट्यूबला वेगळा हां! आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मीटरने बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता आपल्याकडचा प्रॉब्लेम, खारी हवा. मिरामार-कळंगुट साइडला राहणाऱ्यांनी तर सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून, नीट सुकवून कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा अडवणारा पातळ थर, मारायचंच, नाहीतर सोल्डरिंगच्या उरलेल्या फ्लक्समधून आणि ओलाव्यातून करंट लीक होतो आणि नको ते आकडे अंधुक पेटतात.

बॉक्सला फणसाचं लाकूड मस्त, पिवळट रंगावर केशरी उजेड भारी दिसतो. मागे हवेला भोकं ठेवा, पण बोट जाईल एवढी नकोत. आणि रोज रात्री काही मिनिटं सगळे आकडे फिरवायचा कोड टाका, कमी वापरातले आकडे काळवंडत नाहीत.