आधी पिक्सेल मोजा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका फोटो लॅबमध्ये कामाला लागलो तेव्हा मला फोटोशॉप येत होतं. म्हणजे प्रिंटिंगही येतं, अशी माझी समजूत. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा नुकतीच झाली होती. एक मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊन आला. त्याचे वारलेले आजोबा, पांढऱ्या बाराबंदीत, यात्रेतल्या नंदीध्वजाच्या उंच काठीशेजारी उभे. 12 बाय 18 इंची फ्रेम हवी होती.

मी क्रॉपच्या चौकटीत 12, 18 आणि इंचाला 300 पिक्सेल (फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते) भरलं आणि प्रिंट सोडली. आजोबांचा चेहरा मेणाचा आला. सुरकुत्या गेल्या, मिशीचा नुसता करडा पट्टा झाला.

मालकांनी विचारलं, "पिक्सेल किती होते बघितलंस का?" फाइल 1200 बाय 1600 ची होती. 1600 ला 18 ने भागा, इंचाला 89 पडतात. मी 300 मागितले, तेव्हा उरलेले सॉफ्टवेअरने शेजारचे रंग बघून अंदाजाने भरले. मालकांच्या घरी पूर्वी माग होते. ते म्हणाले, "ग्राफवरचे चौकोन तेवढेच ठेवून चादरीवरचं फूल दुप्पट केलं, तर पाकळीला पायऱ्या दिसणारच."

या कामात नवीन असाल तर हा भागाकार आधी करा. इंचाला 300 धरले तर 4 बाय 6 ला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, 8 बाय 12 ला 2400 बाय 3600. भिंतीवरची फ्रेम जरा लांबून बघतात, तिला 200 सुद्धा पुरतात. चौकातल्या फ्लेक्सला 72 चालतात. फोटोशॉपच्या इमेज साइझमध्ये 'रिसॅम्पल'ची (म्हणजे पिक्सेल कमी-जास्त करण्याची) खूण काढलीत, की आहे त्या पिक्सेलमध्ये किती इंची प्रिंट निघेल ते लगेच कळतं.

त्या मुलाला मी मूळ फोटो मागितला. तो त्याच्या आत्याच्या फोनमध्ये होता. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं, कारण साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप पिक्सेल कमी करतं. आला 3000 बाय 4000. म्हणजे 18 इंचाला 222, फ्रेमला भरपूर.

आणखी एक अडचण होती, आणि ती नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. फोनचा फोटो 3:4, फ्रेम 2:3. पूर्ण भरायची तर रुंदीतले 333 पिक्सेल कापावे लागणार, आणि कडेलाच नंदीध्वज. असं कापणं गिऱ्हाइकाला न विचारता कधीच करू नये. मुलगा म्हणाला, "नंदीध्वज नका कापू." मग फोटो 12 बाय 16 मध्ये बसवला आणि वर-खाली एकेक इंच पांढरी पट्टी सोडली.