मातीच्या भिंतींच्या घरात भरवशाचे वाय-फाय कसे उभारावे

विदर्भातल्या बऱ्याच गावांत आता फायबर घरापर्यंत येते, पण ते ओसरीतल्या एका खिळ्यावर टांगलेल्या राऊटरपाशी येऊन थांबते. माजघर ओलांडले की सिग्नल निम्म्यावर येतो, मागच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल अडखळतो आणि माडीवर अभ्यासाला बसलेल्या मुलाला मोबाइलचा डेटा वापरावा लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत जास्त अँटेनांचा, जास्त किमतीचा राऊटर आणला जातो. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण वाय-फायवरचे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते: राऊटरचा आवाज मोठा केला तरी फोनचा आवाज तेवढाच क्षीण राहतो आणि दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून तो परत पोहोचत नाही. जिथे माणसे बसतात तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट (मूळ राऊटरचे नेट त्या जागी वाय-फायने पसरवणारा डबा) असावा, तो तारेने मूळ राऊटरला जोडलेला असावा आणि वीज गेली तरी तो चालू राहावा. भरवशाच्या जाळ्याचे सारे काम या तीन गोष्टींत आहे.

खरेदीच्या आधी घराचा कागदावर आराखडा काढावा आणि फोनवर सिग्नलची ताकद दाखवणारे एखादे मोफत ॲप घेऊन खोलीखोलीतून फिरावे. हा आकडा डीबीएम या मापात उणे दिसतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तो उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला असेल तर कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेला की अडचणी सुरू होतात. मोजताना दारे बंद ठेवावीत आणि लोखंडी वस्तूंकडे विशेष लक्ष द्यावे. धान्याची पत्र्याची कोठी, गोदरेजचे कपाट, खिडकीत बसवलेला लोखंडी बॉडीचा कूलर आणि त्याची पाण्याने भरलेली टाकी, या सगळ्यांमागे सिग्नलची सावली पडते. हिवाळ्यात उत्तम चाललेली जागा कूलर बसल्यावर एप्रिलमध्ये निकामी होते, हे नियोजनातच धरावे. टिनाचे छप्पर लहरी परतवते, त्यामुळे पत्र्याच्या वर बसवलेल्या उपकरणाचा खालच्या खोलीला काही उपयोग होत नाही.

साधारण चार-पाच खोल्यांच्या जुन्या घराला दोन किंवा तीन ॲक्सेस पॉइंट पुरतात. एक ओसरी आणि बैठकीसाठी, एक माजघराच्या मागच्या बाजूला आणि माडी असल्यास एक तिथे. उपकरण आतल्या भिंतीवर सात-आठ फूट उंचीवर बसवावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाखालची हवा त्याहूनही तापते. घरगुती उपकरणांच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलेली असते. म्हणून पत्र्याला लागून, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद कपाटात काहीही ठेवू नये. मे महिन्यात दुपारी बंद पडणारे आणि रात्री आपोआप सुरू होणारे वाय-फाय बहुधा उष्णतेनेच आजारी असते.

आता तार, जिच्यावर खर्च करताना हात आखडू नये. बिनतारी मेश संच (घरभर ठेवायच्या वाय-फाय डब्यांचा संच) विकत घेणे सोपे वाटते, पण त्यातले डबे आपसांत हवेतूनच बोलतात आणि जी भिंत फोनला अडवते तीच त्यांनाही अडवते. विटांच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये ते ठीक आहेत. धाब्याच्या किंवा मातीच्या घरात मी त्यांची शिफारस करणार नाही. कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल घ्यावी आणि दुकानदाराकडून शुद्ध तांब्याचीच मागून घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ओळखणे सोपे आहे: आतली एक बारीक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडावी. आत पांढरट धातू दिसला तर ती केबल परत करावी. ती वाकवली की तुटते आणि तिच्यातून ॲक्सेस पॉइंटला वीज पुरवताना तापते. तांब्याच्या एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे, घरात ती कधीच आड येत नाही. केबल नेहमी पीव्हीसी पाइपातून न्यावी, कारण उंदीर ती कुरतडतात. विजेच्या तारांच्या पाइपात ती कोंबू नये आणि कूलरच्या पाण्याच्या वाटेत आणू नये.

प्लग लावताना तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. प्लगची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या आपल्या नजरेसमोर ठेवल्यावर डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत राहू द्यावा आणि बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले गेले पाहिजे. जोडणी झाल्यावर नेटवर्क स्विचवर (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्यावर) वेग १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, दिसतो का ते पाहावे. तो १०० वर अडकला असेल तर चारपैकी एखादी जोडी तुटली आहे किंवा चुकीच्या जागी गेली आहे, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र चारही.

ॲक्सेस पॉइंटला वेगळा ॲडॅप्टर लावण्याऐवजी पीओई स्विच घ्यावा. तो त्याच नेटवर्क केबलमधून वीजही पाठवतो. उपकरण आणि स्विच दोन्ही ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी मानकाचे आहेत याची खात्री करावी, कारण काही स्वस्त संच २४ व्होल्टची वीज आंधळेपणाने सोडतात आणि भलत्या उपकरणाला जाळतात. या व्यवस्थेचा खरा फायदा भारनियमनात कळतो. फायबरची पेटी (बाहेरून आलेली फायबर जिला जोडलेली असते ती), राऊटर आणि पीओई स्विच एकाच जागी असल्याने तेवढ्याच जागेला बॅकअप दिला की सगळे घर चालू राहते. तीन ॲक्सेस पॉइंटसह हा सगळा भार साधारण ५० ते ६० वॅटचा होतो. संगणकाच्या लहान यूपीएसवर तो तासभरही टिकत नाही, घरच्या १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर मात्र रात्र निघते. वीज जाताच राऊटर पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरचे मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज पालटायला जास्त वेळ लागतो. बाजारातले १२ व्होल्टचे छोटे यूपीएस एकट्या राऊटरसाठी चांगले असतात, पण पीओई स्विचला बहुधा ४८ व्होल्ट लागतात, तो त्यांच्यावर चालणार नाही.

सेटिंगमध्ये एकच नियम पाळला तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत: पत्ते वाटण्याचे काम म्हणजे डीएचसीपी, घरात एकाच उपकरणाने करावे. जुना राऊटर पडून असेल तर त्याचाही ॲक्सेस पॉइंट होतो. मूळ राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचे नेट आणणाऱ्या) न लावता लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या) लावावी. सगळ्या ॲक्सेस पॉइंटचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी एकसारखा ठेवावा. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून शेजारच्या ॲक्सेस पॉइंटना १, ६ आणि ११ हे वेगवेगळे चॅनल द्यावेत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण मातीच्या भिंतीपुढे लवकर हार मानतो; त्याचा उपयोग त्याच खोलीपुरता धरावा. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचे हे मुख्यतः फोनच ठरवतो, म्हणून फोन माजघरात येऊनही ओसरीच्या सिग्नलला चिकटून राहत असेल तर ओसरीतल्या उपकरणाची प्रसारणशक्ती कमी करावी.

गोठ्यात कॅमेरा हवा असेल किंवा अंगणापलीकडे भावाचे घर असेल, तर तिथवर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. उन्हाळी वादळात आणि मृगाच्या पावसात विदर्भात विजा पडतात. वीज शंभर फुटांवरच्या झाडावर पडली तरी लांब तांब्याच्या तारेत उसळलेला दाब दोन्ही टोकांची उपकरणे खाऊन टाकतो. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकावे आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या तारेतला संकेत यांची अदलाबदल करणाऱ्या डब्यांची) जोडी लावावी. आधारासाठी लोखंडी तार असलेल्या ड्रॉप केबलऐवजी (घरापर्यंत आणायच्या बारीक फायबर केबलऐवजी) बिनधातूच्या आधाराची मागून घ्यावी आणि ती विजेच्या खांबाला बांधू नये. जोडणीचे मशीन गावातल्या केबलवाल्याकडे असते. शिवाय घराची अर्थिंग तपासून घ्यावी. तीन पिनांचे सॉकेट असूनही तिसरी तार कुठेच गेलेली नसते अशी घरे पुष्कळ आहेत, आणि तिथे विजेचा उसळलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर जवळपास शोभेपुरताच उरतो. ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणे हाच पक्का उपाय आहे. वावरातल्या विहिरीपर्यंत नेट न्यायचे असेल तर मध्ये झाडे नसलेली सरळ नजर आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओची जोडी लागते. तो वेगळा विषय आहे.

सगळे जोडून झाल्यावर घराचा मुख्य स्विच पाडावा आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून ओसरीपासून माडीपर्यंत चालत जावे. कॉल तुटला तर आधी फोनवरून मूळ राऊटरच्या पत्त्याला (वरच्या उदाहरणात १९२.१६८.१.१) पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. उत्तर उशिरा किंवा तुटक येत असेल तर दोष घरातल्या तारेत, चॅनलमध्ये किंवा जागेत आहे. उत्तर लगेच येत असूनही नेट नसेल तर फायबरच्या पेटीवरचा एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा पाहावा. तो लाल असेल तर प्रकाशच येत नाही, केबल कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे, आणि तेव्हा राऊटर बंद-चालू करत न बसता सरळ तक्रार नोंदवावी.