दुबईत नवीन आलात? कर्जाची सही करण्याआधी ट्रॅव्हल बॅन समजून घ्या

करामा भागात बेडस्पेस (खोलीत एका पलंगाची जागा) मिळाली, अमीरात आयडी (इथलं ओळखपत्र) हातात पडला की बँकवाल्यांचे फोन सुरू होतात. पगाराच्या वीस पटीपर्यंत कर्ज, वर क्रेडिट कार्ड. घ्यायचं तर घ्या. पण इथलं न्यायालय कर्जदाराला देशाबाहेर जाण्यापासून अडवू शकतं, हे आधी डोक्यात ठेवा.

त्यासाठी निकाल लागलेलाच असावा लागतो असं नाही. रक्कम निश्चित आणि किमान 10,000 दिरहम असली, आणि माणूस पळून जाईल अशी भीती वाटायला ठोस कारण असलं, की बँक प्रवासबंदी मागू शकते. बंदी झाल्याचं तुम्हाला आधी कळेलच याची खात्री नाही.

माझा रूममेट गणपतीला गावी निघाला होता. बॅग बेल्टवरून आत गेलेली, त्यात आईसाठी निडो दूध पावडर आणि खजूर. पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाने स्क्रीन पाहिली, पासपोर्ट बाजूला ठेवला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. जुन्या कार्डाचं देणं, जे हा विसरूनच गेला होता. शुक्रवारची रात्र. सोमवारपर्यंत काही हलणार नव्हतं, आणि तोवर आरती व्हिडिओ कॉलवर! बंदी उठवायची तर पैसे न्यायालयात भरा, नाहीतर बँक गॅरंटी द्या. त्याने मित्रांकडून उसने घेऊन भरले.

'चेक बाऊन्स म्हणजे जेल' हे जुने लोक अजून सांगतात. 2 जानेवारी 2022पासून खात्यात पैसे नव्हते एवढ्यावरून सहसा फौजदारी होत नाही. पण न वटलेला चेक घेऊन बँक थेट अंमलबजावणी न्यायालयात जाते, मधला खटलाच वाचतो. तेव्हा कर्जाला तारण म्हणून कोरा सिक्युरिटी चेक देताना हात आखडता घ्या.

आणि 'मुंबईत उतरलो की सुटलो' हेही विसरा. जानेवारी 2020मध्ये भारताने अधिसूचना काढल्यापासून इथल्या न्यायालयांचा हुकूमनामा तिकडच्या जिल्हा न्यायालयातून वसूल करता येतो.

नोकरी गेली तर फोन बंद करून बसू नका. बँकेत जाऊन हप्ते कमी करून मागा, आणि ते लेखी घ्या. तिकीट काढण्याआधी दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर अमीरात आयडी टाकून आपल्यावर आर्थिक प्रकरण आहे का ते बघा. कायमचं परतायचं असेल तर कार्ड नुसतं कापून टाकू नका, खातं बंद करून काही देणं बाकी नाही असं क्लिअरन्स लेटर घ्या. माझ्या रूममेटने कार्ड कापलंच होतं.