पोरगा तिशीचा आहे आणि पितोय, आईबापानं करायचं तरी काय

आमचा मोठा ३२ वर्षांचा, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. सकाळी उठायचा नाही म्हणून त्याच्या सुपरवायझरला मी फोन करायचे, ताप आलाय म्हणून. एकदा तो माणूस अगदी काळजीनं म्हणाला, काकू, या महिन्यात सहाव्यांदा ताप आलाय, एकदा रक्त तपासून घ्या. फोन ठेवला आणि मला हसूही आलं आणि रडूही, कारण त्याला सगळं माहीत होतं आणि मला पण माहीत होतं की त्याला माहीत आहे.

माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा, त्यामुळे हिशोबाची वही घरात असतेच. त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर तीन महिन्यांचं लिहून काढलं, त्याला किती दिले, त्याची उधारी किती फेडली, किती जणांशी खोटं बोलले, किती रात्री दाराकडे डोळे लावून बसले. तुम्ही पण आधी हेच करा, डॉक्टर आणि व्यसनमुक्ती सेंटर सगळं नंतर. मनातल्या मनात आकडा कमीच वाटत असतो. माझा आकडा बघून मला कळलं की त्याच्या दारूचा निम्मा खर्च माझ्या भाकरीवर चाललाय. त्याची दारू सोडवणं माझ्या हातात नाही, पण तिला माझ्याकडून जे पोचतंय ते थांबवणं नक्की माझ्या हातात आहे, आणि हे डोक्यात बसायला मला चार वर्षं लागली.

पैशाचं नवरा-बायकोनं आधी एकत्र बसून ठरवा. आमच्याकडे मी नाही म्हणायचे आणि ह्यांच्या खिशातून गुपचूप दोनशे जायचे, का तर पोरगं हातापाया पडतंय. एक ढिला पडला की दुसऱ्याच्या नकाराला काही अर्थ राहत नाही. आम्ही ठरवलं की रोख एक रुपया द्यायचा नाही, जेवण दोन वेळचं मिळेल, दवाखान्याचं बिल आम्ही थेट दवाखान्यात भरू, बाकी काही नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, एटीएमचा आणि फोनपेचा पिन बदलला. स्वतःच्या पोटच्या पोरापासून पिन लपवताना हात थरथरतो, पण लपवा. उधारीवाले दारात येतात, आरडाओरडा करतात, तर एक लक्षात ठेवा, पोरगा सज्ञान आहे, तुम्ही जामीन राहून कुठं सही केली नसेल तर ते कर्ज तुमचं नाही. अब्रूच्या भीतीनं मी दोनदा फेडलं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात नवीन उधारी उभी राहिली.

बोलायचं तर सकाळी, प्यालेला नसताना. रात्री दारात उभा असताना भांडण केलं तर शेजारी सोडून कुणालाच ते आठवत नाही. मी चहा देऊन एवढंच म्हटलं की राजा, तुझ्यासाठी मी आता कुणाशी खोटं बोलणार नाही आणि पैसे पण देणार नाही, दवाखान्यात जायचं म्हणालास तर भाकरीचं पीठ टाकून त्या मिनिटाला उठेन. तो चिडला, आई तू बदललीस म्हणाला, आठ दिवस बोलला नाही. होऊ द्या. धमकी मात्र फक्त पाळता येईल तीच द्या, घराबाहेर काढीन असं मी पन्नास वेळा बोलले होते आणि एकदाही काढलं नव्हतं, मग तो कशाला ऐकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम खोलीत कोंडून दारू तोडू नका. आमच्या ओळखीत एकांनी केलं आणि पोराला फिट आली. शेवटचा घोट घेतल्यावर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात, फिट यायचीच असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, त्यात जीव पण जाऊ शकतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, ते गोळ्या देतात, बी-१ व्हिटॅमिन देतात, पुढं ओढ कमी करायची औषधं पण असतात. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. तिथं रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर ते पण त्याच कामाला आलेले असतात, लाजू नका. फिट आली किंवा बरळायला लागला तर सरळ १०८ लावा. आणि हातभट्टीची पिऊन आल्यावर धूसर दिसतंय म्हणाला, पोटात दुखतंय म्हणाला तर सकाळची वाट बघू नका, त्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीव पण जातो.

आमटीत गुपचूप टाकायची पावडर तुम्हाला पण कुणीतरी आणून देईल, मला तिघींनी दिली. टाकू नका. त्यात काय असतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि दारूसोबत घेतलं की उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली आणणारी औषधं खरंच असतात, ती फक्त डॉक्टरनं आणि पेशंटला सांगूनच द्यायची असतात.

पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे गळ्यात माळ घाल म्हणणारे खूप. माळेची चेष्टा मी करणार नाही, माझ्या चुलतसासऱ्यांची खरंच सुटली माळेनं. पण आमच्या पोरानं दोनदा घातली आणि दोनदा खुंटीला अडकवली, नंतर पाप लागलं म्हणून आणखी प्यायला लागला. आधी औषध करा, माळ मागून घाला.

सेंटर निवडताना स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ नक्की कधी येतात, नोंदणी आहे का, आईबापाला भेटू देतात का, घरच्यांसाठी मीटिंग असते का, हे तोंडावर विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथलं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आम्ही पहिल्यांदा घाईत एका ठिकाणी टाकला, जीपमधून चार पोरं आली आणि उचलून नेला, परत आला तो पाठीवर वळ घेऊन आणि आमच्यावर राग धरून. मन नसताना भरती करायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची रीत आहे, डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं लागतं आणि सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं. कुणाला विचारावं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर फुकट आहे. तुम्हालाच रात्री झोप येत नसेल, नको नको ते विचार येत असतील तर टेली मानसचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं.

हात उगारला तर ११२ ला फोन करा. पोटच्या पोरावर पोलीस बोलवायचे का, हा विचार मी पण केला आणि मनगट सुजवून बसले. घर तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही साठीच्या पुढं असाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांत ऑफिसात अर्ज करता येतो. अर्ज करायलाच पाहिजे असं नाही, पण माहीत असलं की पाठीला जरा कणा येतो.

लोकांचं म्हणाल तर लग्नात कुणीतरी विचारतंच, पोरगा काय करालाय सध्या. मी आधी पुण्याला असतो म्हणून सांगायचे. मग एक दिवस धाकट्या बहिणीला खरं सांगितलं, तर ती म्हणाली अगं आमच्या दिरांचं पण तेच आहे. सगळ्या गावाला सांगू नका, एका माणसाला तरी सांगा. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या मीटिंगा असतात, तिथं कुणी सल्ला देत बसत नाही हे मला फार आवडलं.

आणि तो परत घसरेल, हे धरून चाला. आमचा पाच महिने कोरडा होता आणि जानेवारीत ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या, गर्दीत मित्रांबरोबर प्यायला. मी त्या संध्याकाळी तीन वर्षांनी पहिल्यांदा त्या यात्रेला गेले होते, जाळीदार बांगड्या घेतल्या होत्या, घरी आले तर हा ओट्यावर पडलेला. बांगड्या काढल्या नाहीत, अंगावर चादर टाकली, सकाळी डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं नसतं, पाच महिने झाले ते झालेच.

आता नवीन जागी कामाला लागलाय. मधे एकदा उठला नाही, सुपरवायझरचा फोन माझ्या मोबाईलवर आला. मी तो तसाच वाजत असताना त्याच्या उशाशी नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन भाकरी थापायला बसले.